तुंगार सरांचा नमुना पाठ

एम.एस्सी.चं केंद्र आमच्या कॉलेजला मिळालं तर तुंगार सरांच्या पदरात काय काय पडेल, याची बेरीज मी त्यांच्यासमोर बसून, त्यांचाच चहा पीत करत होते. दारावर ‘पदव्युत्तर गणित विभागप्रमुख’ अशी पितळी पाटी. अभ्यासमंडळावरची जागा, जी दोनदा मतं कमी पडून हुकली होती. निवृत्तीनंतर दोन वर्षांची मुदतवाढ. आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे भाच्याचं तोंड बंद. त्यांचा भाचा विलास शहरात एम.एस्सी.च्या वर्गांना शिकवायचा आणि दर दिवाळीला फराळ करता करता विचारायचा, “मामा, तुम्ही अजून बी.एस्सी.लाच का?”

दुसऱ्या पारड्यात काय टाकावं लागणार होतं? एक तासाचा नमुना पाठ. तोही दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेला.

“बिस्किट घ्या ना,” सर म्हणाले.

बी.एस्सी.ची तीन वर्षं त्यांनी मला ‘अगं ए रणपिसे’ म्हटलं होतं आणि पुढची बारा वर्षं नुसतं ‘रणपिसे’. मधे माझं लग्न होऊन मी घोरपडे झाले, याच संस्थेच्या हायस्कुलात गणित शिकवायला लागले, एम.एड. झाले, पण त्यांच्या हजेरीत मी रणपिसेच राहिले. ‘तुम्ही’ आणि बिस्किट हे दोन्ही एकाच दिवशी म्हणजे काम मोठं असणार.

“पुढच्या शनिवारी विद्यापीठाची समिती येतेय,” सर म्हणाले. “तिघं आहेत. अध्यक्ष डॉ. हळबे. इमारत बघतील, पुस्तकं बघतील, पण त्यांना प्रत्यक्ष तासही बघायचाय. विषय त्यांनीच कळवलाय. कंटिन्युटी.”

“फाटक सरांचा विषय.”

“फाटक जूनमध्ये रिटायर झाले आणि लेकाकडे गेले. आता ते काय परत येतात. मी सव्वीस वर्षं डायनॅमिक्स आणि ट्रिगनॉमेट्री शिकवली. नाही म्हणजे येतं मला, पण हाताखालून गेलेलं नाही.” त्यांनी कपातल्या सायीला चमच्याने बाजूला केलं. “तुमचा एम.एड.चा प्रबंध कंटिन्युटीवरच आहे ना?”

“कंटिन्युटी शिकताना मुलं काय चुका करतात, त्याच्यावर आहे सर.”

“तेच ते. तर टाचण तुम्ही काढून द्या. नीट, सविस्तर. मी काय बोलायचं, फळ्यावर काय लिहायचं, सगळं. तुमच्या बी.एड.-एम.एड.वाल्यांना ते बरोबर जमतं.”

आमच्या एम.एड.ला ते कधी पदवी म्हणत नसत. ‘बी.एड.-एम.एड.वाले’ हे एकाच दमात म्हणायचं, फाटकी छत्री बाजूला ठेवावी तसं.

“आणि यादी? किती नावं झाली?”

“अकरा.”

बारा विद्यार्थ्यांची लेखी तयारी असल्याशिवाय केंद्र मिळत नव्हतं. गेला महिनाभर घरोघर फिरून ती नावं मीच गोळा केली होती. बहुतेक मुली. पुण्याला किंवा कोल्हापूरला पाठवायला ज्यांचे आईबाप तयार नव्हते, अशा.

“बारावं तुमचं घाला.”

“माझं?”

“का? फर्स्ट क्लास बी.एस्सी. आहात. चौतीस म्हणजे काही फार वय नाही. सकाळची शाळा करा, दुपारी इकडे या. तेव्हा राहिलं ते आता होईल.”

मला खरोखरच बरं वाटलं. क्षणभर मी त्यांची सगळी बिस्किटं माफ केली. म्हणाले, “तेव्हा विद्यापीठात निवडच झाली नाही ना सर.”

“निवड?” सर हसले. ते अगदी मोकळं हसले, म्हणून सांगते. “अगं, निवडीपर्यंत ते गेलंच कुठे? एका कॉलेजातून एकच नाव मागवायचे तेव्हा. तू आणि विलास. तुझे मार्क बारा-पंधरा जास्त होते, मी नाही म्हणत नाही. पण मुलगा एम.एस्सी. झाला तर पुढे काहीतरी करतो, मुलगी लग्न करते. तुझा फॉर्म मी कपाटातच ठेवून घेतला. आणि बघ, वाईट काय झालं? नवरा गावातला, नोकरी गावातली, एम.एड. झालीस. तिकडे गेली असतीस तर हे मिळालं असतं?”

मी कप बशीत ठेवला. आवाज होऊ दिला नाही.

“खरं आहे सर,” मी म्हणाले. “टाचण बुधवारपर्यंत देते.”

बारा वर्षं मी असं धरून चालले होते की विद्यापीठात कुणीतरी जाणकार माणसाने माझे कागद पाहिले, आणि ही मुलगी गणित करणाऱ्यांतली नाही, फार तर शिकवणाऱ्यांतली आहे, असं ठरवलं. माझ्या वडिलांनी शेजारी-पाजारी तसंच सांगितलं होतं. “पोरीला जमलं नाही.” त्यांनी ते रागाने नाही सांगितलं, उलट माझी बाजू घेऊन सांगितलं, आणि ते जास्त लागलं. त्यानंतर मी बी.एड. केलं, एम.एड. केलं, आणि कुठे एम.एस्सी.वाला भेटला की आपोआप थोडी बाजूला होऊन उभी राहायला शिकले. तो जाणकार माणूस म्हणजे तुंगार सर आणि त्यांचं कपाट.

रविवारी दुपारी शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून मी टाचण लिहायला घेतलं.

सिद्धान्त साधाच निवडला. कुणालाही समजेल असा आहे. दोन गावांमधला रस्ता घ्या, मधे कुठेही न तुटलेला, हीच कंटिन्युटी. दोन्ही गावं धरून. तर त्या रस्त्यावर कुठेतरी एक सर्वांत उंच जागा असतेच. यातलं ‘दोन्ही गावं धरून’ एवढं काढून टाकलं तर सिद्धान्त कोसळतो. समजा रस्ता घाट चढत चढत दुसऱ्या गावापाशी संपतो आणि ते गाव आपण मोजतच नाही, तर सर्वांत उंच जागा कुठली? जिथे बोट ठेवाल त्याच्या थोडं पुढे आणखी उंच आहेच.

‘दोन्ही टोकं धरून’ ही अट मी टाचणातून काढली.

बाकी सगळं चोख लिहिलं. आकृती, उदाहरणं, विद्यार्थ्यांना विचारायचे प्रश्न, फळ्याची डावी बाजू, उजवी बाजू. सिद्धतेत जिथे टोकांची गरज लागते तिथे मी लिहिलं, ‘हा बिंदू आपल्याच अंतरालात, म्हणजे घेतलेल्या टप्प्यात आहे, हे उघड आहे.’ हे सरांचं लाडकं वाक्य. वर्गात कुठे अडलं की ते खडू झटकायचे आणि म्हणायचे, “हे उघड आहे.” आमची पूर्ण बॅच त्या उघड्यावर वाढली.

एकशेचाळीस विद्यार्थ्यांच्या वह्या तपासून मी प्रबंध लिहिला होता. कोणती चूक कुणाच्या नजरेतून सुटते, यातच मला पदवी मिळाली होती. ज्याला विषय येतो त्याला ही चूक वाचताक्षणी दिसते. ज्याला येत नाही त्याला चार दिवस कागद समोर धरून बसलं तरी दिसत नाही. म्हणजे मी सरांना फसवत नव्हते. मी त्यांची परीक्षा घेत होते, आणि बुधवार ते शनिवार असा भरपूर वेळही देत होते.

केंद्राचा विचार मी केला नव्हता असं नाही. दोन वेळा केला. इमारत उभी होती, पुस्तकं आली होती, संस्थेच्या सचिवांनी वरपर्यंत बोलणी केली होती. समिती फार तर लिहील की प्रमुख बदला, बाहेरून माणूस आणा. केंद्र येईल आणि तुंगार सर त्यावर नसतील. माझ्या हिशेबात ते असं बसत होतं.

अकरा नावांतलं अकरावं पद्मा लोणारीचं होतं. सही व्हायची राहिली होती म्हणून सोमवारी मी तिच्या वडिलांच्या पिठाच्या गिरणीवर गेले. पद्मा पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्या हाताखाली होती. आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजात कुणी ऐकत नसे इतके प्रश्न विचारायची, आणि ती खोड मी लावलेली.

लोणाऱ्यांनी पट्टा थांबवला, हात झटकले, पण पीठ काही जाईना.

“बाई, हे यमेस्सी झालं म्हंजे पुढं काय हुतं?”

“सेटची परीक्षा द्यायची. पास झाली की कॉलेजात प्राध्यापक.”

“आन तुमी केलंय ते?”

“मी एम.एड. केलंय. ते शाळेसाठी. गणित कसं शिकवायचं ते.”

“मग त्येच करू दे की. तुमचं काय वाईट चाललंय?”

“आबा,” पद्मा पोत्यांच्या मागून म्हणाली, “मला शिकवायच्या आधी करायचंय.”

“करायचंय म्हंजे? गणित काय भाकरी हाय करायला?”

“भाकरीच आहे,” पद्मा म्हणाली. “तुम्हाला दळता येतं, मला करता येतं.”

लोणारी हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, “हिच्या तोंडाला लागायची सोय न्हाई. बाई, येक सांगतो. गावात होणार असंल तर दोन वर्सं दिली. यष्टीनं जायचं असंल तर न्हाई. हिचं स्थळ आलंय, त्यान्ला थांबवतो.”

पिठाचा अंगठाच त्या कागदावर उमटला, सहीच्या शेजारी. परत निघताना पद्मा रस्त्यापर्यंत आली.

“बाई, तुमचं पण नाव आहे यादीत. खरं?”

“आहे.”

“मग आपण एका बाकावर बसायचं. तुमची वही मला लागेल. तुमचं अक्षर चांगलं आहे.”

“आणि तुझे प्रश्न मला लागतील.”

“ते फुकट आहेत,” ती म्हणाली.

बुधवारी मी टाचण दिलं. सरांनी पानं चाळली, आकृत्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाले, “छान. अगदी शाळेसारखं.” माझं निम्मं मन त्या चार दिवसांत त्यांच्या निरोपाची वाट पाहत होतं. रणपिसे, इथे काहीतरी राहिलंय. एवढा एक निरोप आला असता तर मी काय केलं असतं, हे मला माहीत नाही. आला नाही.

शनिवारी अकरा वाजता रसायनशास्त्राच्या मोठ्या वर्गात पाठ झाला. तो वर्ग निवडला कारण तिथला फळा नवा होता. पुढच्या दोन रांगांत यादीतली अकरा मुलं. मागे समिती, प्राचार्य, सचिव, आणि त्यांच्या शेजारी मी. माझ्या मांडीवर पाठ निरीक्षणाचा छापील तक्ता होता. बी.एड.च्या मुलांसाठी असतो तो. प्रस्तावना, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, विद्यार्थी सहभाग. डॉ. हळबे पांढऱ्या शर्टातले, कानावर केस असलेले, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, “हे आमच्याकडे का नाही करत कुणी?”

प्रस्तावनेला मी सरांना दहापैकी नऊ गुण दिले असते. रस्त्याचं उदाहरण त्यांनी फार रंगवून सांगितलं. आवाज खणखणीत होता, कोट नवा होता. मग ते फळ्याकडे वळले आणि त्यांनी सिद्धान्त लिहिला. टाचणात होता तसाच्या तसा, टोकांशिवाय. डॉ. हळब्यांचं पेन एकदा थांबलं आणि पुन्हा चालू लागलं. मी ते पाहिलं. मला वाटलं, झालं. आता पाठ संपल्यावर हे शांतपणे विचारतील, सर अडखळतील, आणि अहवालात एक वाक्य पडेल. यापलीकडे मला काही नको होतं.

सर सिद्धतेत शिरले. मधोमध आले. खडू झटकला.

“आणि हा बिंदू आपल्याच अंतरालात आहे, हे उघड आहे.”

पहिल्या रांगेतून पद्माचा हात वर आला.

ती आपल्या यादीत आहे, पहिल्या रांगेत आहे आणि तिला हा विषय फाटक सरांनी शिकवला आहे, या तीन गोष्टी मला वेगवेगळ्या माहीत होत्या. एकत्र मी त्या कधी मांडल्याच नव्हत्या.

“काय गं?”

“सर, आपल्याच अंतरालात कशावरून? तो बिंदू टोकाशी गेला तर? टोकं आपण घेतलेली नाहीत.”

“उघड आहे ते. बस खाली.”

“मला उघड दिसत नाही, सर.”

मागे कुणीतरी खाकरलं. सरांनी हातातल्या टाचणाकडे पाहिलं. तिथे जे होतं ते त्यांनी म्हणून टाकलं होतं, पुढे काही नव्हतं.

“तू घोरपडे बाईंच्या शाळेतली ना?” सर समितीकडे बघून हसले. “शाळेत यांना हात वर करायला शिकवतात. इथे ऐकायला शिकायचं असतं.”

“सर,” डॉ. हळबे जागेवरूनच म्हणाले, “मुलीला उत्तर द्या ना. सोपं उदाहरण घ्या. एक भागिले एक्स. शून्य आणि एकच्या मधे.”

सरांनी फळ्यावर लिहिलं. वक्ररेषा काढली, शून्याकडे वर वर जाणारी, सुंदर काढली.

“हे बघा,” ते पद्माला म्हणाले. “एक्स शून्य झाला की किंमत अनंत. अनंत हीच सर्वांत मोठी किंमत. मिळाली का नाही?”

“पण सर, शून्य तर आपल्यात नाही.”

“म्हणजे अनंत सर्वांत मोठी नाही, असं म्हणायचंय तुला?”

वर्गात कुणी हसलं नाही. मुलांना कळलं होतं. बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी फाटक सर दरडावून सांगायचे की अनंत ही संख्या नाही, तिला कुठे नेऊन बसवू नका. डॉ. हळब्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

माझ्या मांडीवरच्या तक्त्यात ‘विद्यार्थी सहभाग’ अशी ओळ होती. मी तिथे काही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला आत कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. सव्वीस वर्षांचा माणूस फळ्यापुढे उभा, त्याच्या नव्या कोटावर खडूची पूड, आणि त्याच्या हातात माझं अक्षर. मी ते दृश्य डोळे भरून पाहिलं. आजही पाहते, कधीकधी.

चहाच्या वेळी डॉ. हळबे माझ्याजवळ आले.

“ती मुलगी तुमची?”

“माझ्या शाळेतली.”

“चूक मला फळ्यावर लिहिल्याबरोबर दिसली होती,” ते म्हणाले. “मी बोलणार नव्हतो. अट लिहायची राहते, माझीही राहिलीय. एवढ्यावरून केंद्र अडवायचं नसतं. पण तिने विचारल्यावर त्यांनी जे उत्तर दिलं...” त्यांनी कप खाली ठेवला. “तिच्यासारख्यांना दोन वर्षं मी कुणाच्या हाती देऊ?”

“बाहेरून माणूस आणता येईल ना सर? फक्त प्रमुख बदलून?”

“कॉलेजात गणिताचा दुसरा एम.एस्सी. आहे का कुणी? निदान एक तरी इथला हवा.”

नव्हता. फाटक सर जूनमध्ये गेल्यापासून नव्हता. हे मला आठवड्याभरापूर्वी खुद्द तुंगार सरांनी सांगितलं होतं, बिस्किट देताना.

सर मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, “रणपिसे, हे तू मुद्दाम केलंस.” टाचणाची पानं त्यांनी मुठीत गोळा केली होती.

“काय सर?”

“टोकं कुठायत? टोकं का नाहीत याच्यात?”

“चार दिवस होतं तुमच्याजवळ.”

“मी तुझ्यावर विश्वास ठेवला.”

“मीही ठेवला होता, सर. फॉर्म देताना.”

त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग चेहरा उतरला, आणि लगेच कसला तरी हिशेब त्यावर उमटायला लागला. तो मला वाचता आला, कारण मी तो आधीच करून ठेवला होता. कुणाला सांगणार? प्राचार्यांना? आणि काय, की नमुना पाठ हायस्कूलच्या बाईंकडून लिहून घेतला आणि न समजता म्हणून दाखवला? माझ्या गुपिताच्या कुलपाची किल्ली त्यांच्याच तोंडात होती आणि ते तोंड उघडणं त्यांना परवडणार नव्हतं.

“कुणाला सांगायचं असेल तर सांगा,” मी म्हणाले. “अक्षर माझं आहे, मी नाही म्हणणार नाही.”

ते विभागात गेले. मी घरी जाताना पेढे घेतले. नवऱ्याने विचारलं, कशाचे, तर म्हणाले, पाठ चांगला झाला.

पण माणसाला काहीतरी सांगावं तर लागतंच. सचिवांनी विचारलं, केंद्राचं काय झालं, तेव्हा सरांनी सांगितलं, “लोणाऱ्याच्या पोरीने आगाऊपणा केला. समितीसमोर उलट बोलली. पाहुण्यांना ते आवडलं नाही.” माझं नाव घेता येत नव्हतं, म्हणून तिचं घेतलं. सचिव ते दुकानात बोलले, दुकानातून ते गिरणीवर आलं. दळण घेऊन येणारी माणसं लोणाऱ्यांना विचारायला लागली, “काय हो, तुमच्या पोरीनं गावाचं कालिज घालवलं म्हणं?”

अहवाल मार्चमध्ये आला. ‘पदव्युत्तर अध्यापनास पात्र शिक्षक आढळला नाही. तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करावा.’ केंद्र शेजारच्या तालुक्याला गेलं, एस.टी.ने सव्वा तासावर. पहिलं वाक्य कुणी वाचलं नाही, दुसरं सगळ्यांनी वाचलं.

पद्मा शाळेत आली ती मधल्या सुट्टीत. स्टाफरूमच्या दारात उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

“बाई, मी विचारायला नको होतं का?”

“प्रश्न बरोबर होता तुझा.”

“ते नाही विचारलं मी.”

मी वह्या तपासत होते. लाल पेन हातात होतं. तिला सांगायला तीन वाक्यं पुरली असती. तिच्या आबांनाही तीच पुरली असती. गिरणीवर जाऊन चार माणसांत म्हणायचं, की त्या फळ्यावरची चूक माझी होती, पोरीने ती पकडली, एवढंच. मी ती वाक्यं मनात जुळवली. मग मला दिसलं की ती बोलले की गावात तुंगार सर बिचारे ठरतात, आणि मी त्यांचा पाठ बुडवणारी बाई. फॉर्मचं कुणाला पटवून देणार? तो तर त्यांच्या कपाटातच राहिला.

“कागदपत्रं अपुरी होती कॉलेजची,” मी म्हणाले. “तुझ्यामुळे काही झालं नाही.”

“आबा म्हणतात, माझ्यामुळे झालं.”

“त्यांना मी सांगेन.”

“सांगाल ना?”

“सांगेन.”

गेले नाही. दोनदा गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि दळण नव्हतं म्हणून परतले, असं स्वतःला सांगितलं.

आता हे सगळं पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीचं. यादीतल्या बारा नावांचं काय झालं ते मी ठेवलंय लक्षात. दोघं मुलगे शेजारच्या तालुक्याला एस.टी.ने जाऊन एम.एस्सी. झाले, त्यातला एक आज प्राध्यापक आहे. चौघींनी गावातच बी.एड. केलं. दोघी पुढे एम.एड.ही झाल्या, त्यांच्या प्रबंधांना मीच मदत केली. तिघी बँकेच्या परीक्षांना बसल्या, एक लागली. एका मुलाने वडिलांचं हार्डवेअरचं दुकान धरलं. बाराव्या नावाला, म्हणजे मला, एम.एस्सी. काही करता आलं नाही, पण एम.एड. होतं म्हणून मी शाळेची मुख्याध्यापिका झाले आणि त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले.

तुंगार सरांना मुदतवाढ मिळाली. एक वर्षच, पण मिळाली. निरोप समारंभात शाल आली, श्रीफळ आलं, विलास शहरातून आला आणि मामांबद्दल दहा मिनिटं बोलला. पाटी तेवढी लागली नाही. मला त्या समारंभात पहिल्या रांगेत बसवलं होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या.

पद्मा लोणारीचं लग्न बी.एस्सी.च्या शेवटच्या पेपरनंतर नवव्या दिवशी झालं, कर्नाटकात, लांब. थांबवून ठेवलेलं तेच स्थळ. निकाल लागला तेव्हा गणितात ती कॉलेजात पहिली होती. गुणपत्रक न्यायला लोणारी आले. ऑफिसातून निघताना व्हरांड्यात मला भेटले, कागद घडी करून टोपीत ठेवला आणि म्हणाले, “बाई, पोरीला जमत हुतं का वो खरंच?” मी म्हणाले, “जमत होतं.” ते म्हणाले, “मग तोंड आवरायला पाहिजे हुतं तिनं.” मी मान डोलावली.

तर सरांनी एक दुपार दिली आणि एक पाटी. मी एम.एस्सी.ची दोन वर्षं दिली, ती माझ्या मर्जीने, आणि त्या बदल्यात जे हवं होतं ते पुरेपूर घेतलं. बाकी सगळं पद्माने भरलं. ते कोणाच्या नावावर भरलं, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.